मे महिन्याची बाग

धुळे, १२ जून १९७३

चंद्रे,

काल सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेल्या भाकऱ्या कसाऱ्याच्या घाटातच संपल्या, पुढे नाशिकपर्यंत मुलांनी माझं डोकं खाल्लं.

पत्राची एवढी घाई का, तर पाऊस लागला की मी खणून ठेवलेले खड्डे बुजतील आणि तू सगळं विसरशील. तुला मी ओळखते. आणि हो, पत्रात मी तुला वहिनी म्हणणार नाही. दादासमोर म्हणते तेवढं पुरे. कोन गावात मामाच्या ओटीवर माझ्यासोबत एका गोधडीत झोपणाऱ्या पोरीला वहिनी म्हणताना माझीच मला लाज वाटते. दादासाठी तुला मागणी घालायला आईला भरीस घातलं ते मीच, विसरू नकोस. आई म्हणायची, मैत्रीण ती मैत्रीण आणि वहिनी ती वहिनी. मी म्हटलं, परकी कोणी आली तर माझं माहेर तिच्या मर्जीवर राहील, चंद्रा असली की मला घोर नाही.

तलाठ्यासमोर हक्कसोडीवर सही करताना म्हणूनच माझा हात अडला नाही. बाबा गेले, बहिणीनं जमिनीवरचा हक्क सोडायचा, ही रीतच आहे. मी काही जगावेगळं केलं नाही. पण दादानं चार माणसांत शब्द दिला, की विहिरीपासून रस्त्यापर्यंतची जागा काशीची. ती सांगेल ते तिथं होईल, तिला विचारल्याशिवाय कोणी तिथं खुंटी ठोकणार नाही. माझ्या नावावर आपल्या शेलार गावात आता एवढा शब्दच आहे, आणि मला तो पुरतो.

आता झाडांचं ऐक. नियम एकच. जे मे महिन्यात फुलत नाही ते लावायचं नाही. मुलांची शाळा सुटते तेव्हाच मी येणार, आणि तेव्हाच गाव कसं असतं ते तुला माहीत आहे. शेतं भेगाळलेली, अंगण तापलेलं, सगळीकडे धूळ. त्या दिवसांत रस्त्यावरून येताना माझं माहेर लांबून दिसलं पाहिजे.

रस्त्याच्या कडेला बहावा. त्याला फार लाड लागत नाहीत, पण फुलायला वर्षं घेतो, म्हणून तो आधी. विहिरीच्या पन्हळीपाशी तामण, त्याला पाय ओले लागतात. दाराच्या दोन्ही बाजूंना मोगरा, मामाकडच्या वेलीला दाब देऊन ठेवलाय तोच आण, बाजारचा नको. न्हाणीच्या सांडपाण्यावर अनंत. मधल्या वाफ्यात लाल लिलीचे कांदे, वर्षभर मातीत झोपतात आणि मे लागला की एकदम चेंडूएवढं फूल काढतात. दादा गुलमोहर गुलमोहर करत होता. त्याला म्हणावं, गुलमोहर शाळेच्या मैदानात बरा. मुळं वर काढतो, वाऱ्यात फांदी टाकतो, विहिरीजवळ तर नकोच.

रोपं हिरामणबरोबर पाठवते. गावचा मुलगा आग्रा रोडवर ट्रक चालवतो हे आपलं नशीब. जाताना भिवंडीचं कापड नेतो, येताना माझी झाडं आणील.

तुझी,
काशी


धुळे, ५ ऑगस्ट १९७३

चंद्रे,

सगळी रोपं धरली, बरं वाटलं. तामणाला काठी लावलीस का? लाव. मी इथून उंटावरून शेळ्या हाकते असं दादा म्हणाला म्हणे. हाकू दे मला. शेळ्या माझ्याच आहेत.

तू प्राजक्त मागितलास. अगं, प्राजक्त श्रावणात फुलायला लागतो. तेव्हा मी इथं सासूबाईंच्या उपासांची साबुदाण्याची खिचडी ढवळत असते. मी नसताना फुलणाऱ्या झाडाचं माझ्या जागेत काय काम? तुला हवा तर घरामागं लाव. तिथं म्हशींचा गोठा आहे आणि ऊन येत नाही, हे मला ठाऊक आहे, पण प्रयत्न कर. शेवंतीचंही तेच. ती थंडीची.

रागावलीस तर तुझ्या नाकावर दिसेल, मी मे महिन्यात येऊन बघेन.

तुझी,
काशी


धुळे, १८ जून १९७५

चंद्रे,

या वेळी निघताना मी रडले, ते दादाला वाटलं त्याच्यासाठी. खरं सांगू? अनंतासाठी. संध्याकाळी न्हाणीच्या बाजूनं तो वास यायचा आणि मला वाटायचं, मी अजून कुठं गेलेच नाही, लग्नच झालं नाही. तामणानं पहिला तुरा काढला. लिल्या तर ओळीनं उभ्या, मुलं मोजत बसायची. बहाव्यानं मात्र माझ्याशी वैर धरलंय. तुझ्या खांद्याच्या वर गेला, पण फूल नाही. पुढच्या वर्षी मात्र तो मला चुकवणार नाही.

मोगऱ्याला यंदा फुलं कमी आली, आणि का ते मी तुला सांगते. थंडीत तू त्याला पाणी देत राहिलीस. माया करू नकोस त्याच्यावर. पौषात पाणी तोडायचं, पानं ओरबाडून काढायची, मुळं उघडी करून ऊन खाऊ द्यायची. मग शेणखत घालून पाणी सोडलं की रागानं फुलतो. उन्हाळ्यात फुलायचं तर आधी थोडा छळ सोसावा लागतो त्याला.

तुझ्या तळहाताला पाणी शेंदून घट्टे पडलेत ते बघितले मी. दादाला रहाट नीट करून दे म्हणावं, ऐकत नाही का तो? तुझ्याच घरातला पुरुष आहे.

आणि तुझा भाऊ केसरीनाथ शेवटच्या दिवशी आला होता, तो बागेत विहिरीपासून रस्त्यापर्यंत पावलं टाकत कशाला फिरत होता? मला आधी वाटलं फुलं बघतोय. शेठच्या लूमवर कापड विणत शिफ्ट करून करून त्याचे डोळे लाल झालेत, त्याला जरा मोकळ्या हवेत बसव. चांगला मुलगा आहे, मला ताई ताई करतो.

तुझी,
काशी


धुळे, २ एप्रिल १९७६

चंद्रे,

मागं कळवलं तसं, या मे महिन्यात माझं येणं नाही. दिवस भरत आलेत, डॉक्टरीणबाई प्रवास नको म्हणतात. तिसरं बाळंतपण, त्यात काय एवढं, पण हे ऐकत नाहीत. डेपोत इंजिनं उघडून बसणारा माणूस, पण माझ्या बाबतीत फार घाबरतो.

तू लिहिलंस, 'बरं झालं, आता आराम कर, उन्हात येव नको.' बरं झालं? मी येत नाही हे बरं झालं? गंमत करते आहे. पण मला फार वाईट वाटतंय, चंद्रा. बहावा यंदा नक्की फुलणार आणि मी इथं या कोरड्या गावात. निदान फुलला की लिही, कुठल्या फांदीवर आधी फुलला तेही लिही. आणि हिरामणबरोबर थोडा मोगरा पाठव, केळीच्या पानात ओला करून.

तुझी,
काशी


धुळे, २९ मे १९७६

चंद्रे,

मुलगी झाली. दादाला सांग, नाकावरून त्याचीच भाची वाटते.

बहावा फुलला हे तू लिहिलंस ते मी खाटेवर पडून सगळ्यांना वाचून दाखवलं. रस्त्याच्या बाजूच्या फांदीवर आधी, मग सगळा पिवळा. सासूबाई म्हणाल्या, 'झाडाचं एवढं काय, बाळाकडे बघ.' मी दोघांनाही बघत होते.

मोगरा पोचला. पान कोमेजलं होतं, पण वास टिकला होता. बाळाच्या उशाशी ठेवला. एक विचारू? फुलांच्या देठांना सुईची भोकं होती. एका फुलात तर दोऱ्याचा तुकडाही अडकला होता. तू आधी माझ्यासाठी गजरा केलास आणि मग वाटेत चुरगळेल म्हणून सोडवलास ना? वेडी आहेस. गजराच पाठवायचा, चुरगळला असता तरी चाललं असतं.

तुझी,
काशी


धुळे, २७ ऑक्टोबर १९७६

सौ. वहिनीस,

भाऊबीजेला दादा इथं आला होता. लग्नानंतर पहिल्यांदा. एवढ्या लांब तो कधी येत नाही, म्हणून मी हरखून गेले. बाळासाठी आला असेल असं वाटलं.

मी त्याला पाटावर बसवलं. ओवाळायला ताट घेतलं. माझ्या हातात निरांजन होतं, आणि दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो काय म्हणाला ते तुला जसंच्या तसं लिहिते. म्हणाला, 'काशे, तू जागा दिलीस नि आमचं घर वर आलं. मना वाटलेलं तू रागावशील, झारांवर तुजा जीव. पन चंद्रा बोलली, काशी येका शब्दानं हो बोलली. सख्खी भैन बी असं करीत न्हाय.'

मी म्हटलं, कुठली जागा?

तो हसला. त्याला वाटलं मी मोठेपणा दाखवते आहे, केलेलं बोलून दाखवत नाही. मग त्यानं सगळं सांगितलं. होळीच्या आधीच केसरीनाथची शेड उभी राहिली, दारचा मोगरासुद्धा काढून. विहिरीपासून रस्त्यापर्यंत. वर पत्रे, आत लूम. शेठनं जुने लूम काढले ते केसरीनाथनं घेतले, त्याला जागा हवी होती. दादा तुला म्हणाला, 'जागा माजी न्हाय, काशीला इचार.' तू म्हणालीस, विचारलं, ती हो म्हणाली.

मी ओवाळून घेतलं. त्यानं साडी दिली, ती घेतली. तो राहिला तोवर मी हसत होते. मला आधी कळणार तरी कसं होतं? दादा कधी पत्र लिहीत नाही, इकडचा निरोप तिकडे तुझ्या तोंडून आणि तिकडचा इकडे तुझ्या हातून. हिरामणला मी विचारलं तर तो म्हणाला, त्याला वाटलं मला माहीत आहे.

म्हणजे मे महिन्यात तिथं बहावा नव्हता. मोगरा नव्हता. तू भिवंडीच्या बाजारातून गजरा आणलास आणि घरी बसून एकेक फूल दोऱ्यातून काढून मला पाठवलंस. ते करताना तुझ्या मनात काय चाललं होतं, एवढंच मला कळवा. अहोजाहो केलं, कारण नात्यानं तुम्ही माझ्या वहिनी आहात.

काशी


धुळे, २१ नोव्हेंबर १९७६

सौ. वहिनीस,

तुमचं पत्र आलं. पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्हाला अहोजाहो करणं जमत नाही मला, सोडते. तू नीट ऐक.

तू लिहितेस, 'काशे, तुजी बाग वर्सातला येक मयना बाग. बाकी सगला वेल मी नुस्ती पानी वढणारी बाय. पौषात पानी तोर, फागनात पानी घाल, तुजं पत्र आलं की माजं काम वाढलं. येक झार मी मागितलं, ते पन तू गोठ्यामागं धाडलंस. मना कदी वाटलंच न्हाय ते माजं अंगन हाय.'

हे तू मला तोंडावर का सांगितलं नाहीस? मी दर वर्षी येत होते. आपण एका चुलीपुढे बसत होतो. तू म्हणाली असतीस, काशे, पुरे तुझी झाडं, माझा हात मोडतो, तर मी तुझ्याशी दोन दिवस अबोला धरला असता, तिसऱ्या दिवशी तुझ्या हातून कळशी घेतली असती. कदाचित घेतली नसती. पण तू मला विचारायला हवं होतंस. मी नाही म्हटलं असतं अशी तुला भीती वाटली ना? वाटू दे. नाही म्हणायचा हक्क तरी माझा होता. तेवढाच ठेवून मी बाकीचा तलाठ्याकडे सोडून आले होते.

आणि केसरीनाथ. त्याच्यासाठी केलंस हे तू लिहिलंस, शिफ्ट करून करून त्याची छाती गेली, तुझ्या आईला त्याच्याकडे बघून अन्न गोड लागत नव्हतं. मला त्याचं वाईट वाटतं, खोटं बोलत नाही. पण बघ, तू कुणाचं काय घेतलंस. तुलाही कोनला हक्कसोड द्यावी लागली, तुलाही तिथं काही उरलं नाही, तेव्हा तू आपलं माहेर उचलून माझ्या माहेरात आणून बसवलंस. तुझा भाऊ तुझ्या दारात आला. माझं दार त्याच्या भिंतीत गेलं. शोधली तर दुसरी जागा नव्हती का? होती. घरामागची. पण तिथं ऊन येत नाही, हो ना?

कुंपणानंच शेत खाल्लं, हे ऐकलं होतं. हे कुंपण तर मीच हौसेनं आणून लावलं होतं, आई नको म्हणत असताना.

दादाला सगळं लिहावं असं रोज मनात येतं. पत्र लिहायला घेतलं की थांबते. त्याला कळलं तर तो केसरीनाथला शेड काढायला लावेल. तो हट्टी आहे, दिलेला शब्द मोडला गेला हे त्याला सोसणार नाही. तुला घरातून काढणार नाही, पण तुझ्याशी बोलणार नाही, आणि दादाचा अबोला वर्षानुवर्षं चालतो हे तू शेजारच्या धोंडूबाईंना विचार. तू मला लिहितेस, 'तुज्या पाया परते, यांना सांगू नको.' पाया पडायचं होतं तर होळीच्या आधी पडायचं.

मी काय करीन ते मे महिन्यात कळेल. मी येणार आहे.

काशी


धुळे, ९ जून १९७७

वहिनी,

मी शेलारला असताना आपण दोघी एकट्या कधी बसलो नाही. तू टाळलंस आणि मीही टाळलं. म्हणून लिहिते.

बसमधून उतरले तेव्हा आधी आवाज आला, मग घर दिसलं. खटाखट खटाखट, बोललेलं ऐकू येईना. पत्र्यावर ऊन चकाकत होतं. मुलं विचारायला लागली, आई, लिल्या कुठं गेल्या, आणि मी म्हटलं, केसरीनाथमामाला कापड करायचंय. मी असं कसं बोलले मला कळलं नाही. तुझं खोटं माझ्या तोंडून निघालं, ते इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं.

केसरीनाथनं दोन नवे लूम मी येईपर्यंत बंद ठेवले होते. म्हणाला, 'ताई, तुमच्या हातानं चालू व्हायला पायजेत. जागा तुमची.' त्याला खरंच काही माहीत नाही, हे तेव्हा मला समजलं. त्यालाही तू तेच सांगितलंस. सगळी माणसं जमली होती, दादा पुढे, हातात हळदकुंकू. तू माझ्या मागे उभी. तुझा श्वास मला ऐकू येत होता, एवढ्या आवाजातही.

मी तेव्हा बोलणार होते, वहिनी. धुळ्याहून येताना तेच घोकत आले होते. चार माणसांत शब्द मिळाला होता, तो चार माणसांतच मोडलेला दाखवायचा. नारळ हातात घेतला आणि दादाकडे बघितलं. तो माझ्याकडे असा बघत होता, जसं बाबा गेल्यापासून त्यानं कधी बघितलं नव्हतं. त्याच्या बहिणीनं काहीतरी मोठं केलं आहे आणि तो ते गावाला दाखवतो आहे. मी नारळ फोडला. लूम चालू झाले, माणसांनी पेढे वाटले.

नंतर केसरीनाथनं विचारलं, 'ताई, शेडच्या तोंडाशी येखादं झाड सांगा. उन्हाळ्यात फुलणारं. तुमच्यासारखं झाडांतलं इथं कुनाला कळत न्हाय.' तू ताटं मांडत होतीस, तुझा हात थांबला. मी त्याला खरं तेच सांगितलं. कण्हेर लाव. सुताची धूळ बसली तरी तिला काही होत नाही, पाणी नसलं तरी फुलते, आणि पानापासून मुळापर्यंत विष असतं म्हणून गुरं तोंड लावत नाहीत. त्यानं मान हलवली. लावलीच असेल त्यानं एव्हाना, पावसाआधी लाव म्हटलं होतं.

दादानं निघताना मुलांना जवळ घेतलं आणि म्हणाला, 'तुमची आय लय मोठ्या मनाची हाय, इसरू नका.' तू दाराच्या चौकटीला धरून उभी होतीस आणि माझ्या तोंडाकडे बघत होतीस, मी आता बोलते की काय म्हणून. मी पदर सारखा केला आणि बसची वेळ विचारली.

तू समजशील मी तुला माफ केलं. तसं नाही. तुझ्यासाठी मी काहीच केलेलं नाही. शेलारमध्ये माझी आता जमीन नाही, जागा नाही, मैत्रीण नाही. दादा माझ्याबद्दल जे चांगलं बोलतो तेवढंच माझं माहेर उरलं आहे, आणि ते खोटं आहे. खरं सांगितलं तर तेही जाईल. केसानं गळा कापतात म्हणतात, तसा तू कापलास, आणि वर मलाच शाबासकी मिळवून दिलीस. ती मी घेते. दुसरं काही घेण्यासारखं तू ठेवलं नाहीस.

पण बघायला काही नाही म्हणून मी यायची थांबेन, असा हिशेब मनात केला असशील तर तो सोडून दे. शाळा सुटली की मी दर मे महिन्यात येणार. महिनाभर राहणार. दादाच्या शेजारी पाटावर बसून जेवणार. आणि तू वाढायला वाकलीस की दर वेळी माझ्या तोंडाकडे बघणार, आज बोलते की उद्या.

काशी